नळीचं दुसरं टोक

मुलगी : बाबा, खुर्ची सरकवा. त्यांना मशीन न्यायचंय.

बाबा : नेऊ दे की. मी काय धरून बसलोय?

मुलगी : धरूनच बसलाय. आईची नळी तुमच्या नाकात आहे.

मशीनवाला : काका, ऑक्सिजनचं मशीन आहे, दुसरीकडे पेशंट वाट बघतोय. माझा हा तिसरा हेलपाटा.

बाबा : आणि मी कोण?

मुलगी : तुम्ही पेशंट नाही. पेशंट आई होती, ती गेली. तुमचा एक्स-रे झाला, नळीत फुंकायची तपासणी झाली. डॉक्टर मला म्हणाले, यांची फुप्फुसं तुमच्यापेक्षा बरी.

बाबा : त्याला काय कळतंय! मशीन बंद झालं की माझ्या छातीवर कोणीतरी येऊन बसतं.

मुलगी : कारण सहा वर्षं ही घरघर थांबली की आपण दोघं हातातलं टाकून धावायचो. तुमच्या छातीला तेच पाठ झालंय.

बाबा : भाषण नको देऊस.

मुलगी : बरं. नळीचं दुसरं टोक कुठे आहे?

बाबा : कुठे म्हणजे? मशीनला.

मुलगी : कपाटामागे. मागच्या सोमवारी मीच काढून ठेवलं. आठ दिवस तुम्ही घरातली साधी हवा घेताय. परवा मला म्हणालात, आज मशीन छान गार चाललंय.

मशीनवाला : खरंय काका. टोकाला जळमट लागलंय.

बाबा : बापाला फसवलंस.

मुलगी : फसवलं. सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

बाबा : आणि मी मूर्खासारखा...

मुलगी : मूर्खासारखे नाही हो. घोरत होतात.

बाबा : कर रे बंद.

मशीनवाला : नक्की ना?

बाबा : आता काय लेखी देऊ? कर.

(मशीनची घरघर थांबते.)

मशीनवाला : झालं. काही होतंय का काका?

बाबा : नाही. काहीच नाही. अगं, तू अशी का उभी राहिलीस?

मुलगी : कुठे काय.

बाबा : छातीवर हात कशाला मग?

मुलगी : जरा खिडकी उघडता का?

बाबा : उघडीच आहे. बस इथे. नाकातून घे. आता ओठ चिमटून हळू सोड, ज्योत हलेल पण विझणार नाही इतकं.

मुलगी : मला माहीत आहे, बाबा.

बाबा : असणारच. तू आईला शिकवायचीस. मी दारात उभा राहून शिकलो.