मुलाखतीला सासूबाई

मला एम.एस्सी.ला प्रवेश सासूबाईंनी कसा मिळवून दिला, ते ऐका. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, वर दुष्काळ, आणि मला शिकायचं होतं भूगर्भशास्त्र. मुलाखत नांदेडला होती. सोबत आलेल्या सासूबाई दाराबाहेर बसल्या. मी एसटीत उत्तरं घोकत आले होते, पण सरांनी पहिलंच विचारलं, "लग्न झालंय तुमचं. मग घर कोण बघणार?"

हे काही मी पाठ केलं नव्हतं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी हाय की! घराचं मला इचारा, अभ्यासाचं तिला इचारा."

सर खळखळून हसले. "बरं, मग हाच विषय का?"

घोकलेलं सगळं विसरून मी म्हणाले, "आमची विहीर आटली, शेजारच्यांच्या विहिरीला अजून पाणी आहे. असं का, ते मला शिकायचंय." मग खडकांवर आमच्या अशा गप्पा रंगल्या, की बाहेरची मुलं आत डोकावायला लागली. प्रवेश मिळाला.

हॉस्टेलवर सोडायला आल्या तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "वर्गात काही समजलं नाही तर?"

"हात वर करून इचारायचं. लाजायची लईच हौस आली, तर सुट्टीत घरी ये अन् पाहुण्यांसमोर लाज."