हैबती गुरवानं लावलेला कौल

मंडळी, बसा! पुढं जागा आहे, दाटीनं बसा. आणि ते फोन — देवाचा फोन आला तर तो थेट काळजात वाजतो, खिशात नाही! बंद करा.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ऐका! माणसानं देवाच्या नावावर खोटं केलं — पण त्या खोट्यातून गावाचं भलं झालं — तर ते पुण्य म्हणायचं की पाप?

पुण्य म्हणता? बघा हं, घाईनं म्हणू नका. पाप म्हणता? तेही थांबा. आधी हैबती गुरवाला भेटा.

सह्याद्रीच्या माथ्यावर कोळेसडा नावाचं गाव. सडा म्हणजे काय — नुसता उघडा कातळ आणि वारा! आषाढात असा वारा, की म्हातारं माणूस एकटं बाहेर पडत नाही आणि वाळत घातलेलं धोतर पुढच्या गावात सापडतं! गावाची देवी वाघजाई. तिचं बुटकं दगडी देऊळ, आणि देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या हैबतीच्या घरात.

आता गावाची रीत अशी. मोठं काही ठरवायचं तर देवीला कौल लावायचा. तगरीचे दोन कळे पाण्यात भिजवायचे, एक मूर्तीच्या उजव्या अंगाला चिकटवायचा, एक डाव्या. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवा कळा आधी पडला — देवीचा होकार! डावा पडला — नकार! आणि कौल लागेपर्यंत देवळाचं दार आणि उजव्या अंगाचा झरोका घट्ट बंद ठेवायचा. का? अहो, वारा! नाहीतर कौल देवीचा की वाऱ्याचा, कळणार कसं?

एके साली पवनचक्कीवाली कंपनी आली. "सड्यावर चक्क्या उभ्या करतो. भाडं देऊ, रस्ता करू." गाव बिचकलं. कुणी म्हणालं, पाऊस पळंल. कुणी म्हणालं, म्हशी आटतील. शेवटी ठरलं काय? कौल!

आणि कौल लावणार कोण? हैबती!

त्याला होकार हवा होता, मंडळी. का हवा होता? त्याची बायको रखमा. आदल्या उन्हाळ्यात खालच्या झऱ्यावरून हंडा घेऊन चढताना घसरली, खुबा मोडला. रस्ता नाही! घोंगडीची डोली केली, चौघांनी खांदे दिले, आणि अख्खा दिवस घाट उतरत तिला तालुक्याला नेलं. वाटभर ती ओरडत होती. मग ओरडायची थांबली, आणि ते थांबणं हैबतीला ओरडण्यापेक्षा जड गेलं. बाई वाचली, पण कायमची लंगडी झाली.

म्हणून कौलाच्या दिवशी हैबतीनं दार लावलं, आणि झरोका... एक बोट उघडा ठेवला.

एक बोट! वारा आत शिरला, उजवा कळा टपकन पडला. "आईनं होकार दिला!" गाव लोटांगणात! कागदावर अंगठे उठले, सह्या झाल्या. आणि हैबती मूर्तीकडं पाठ करून उभा राहिला. तोंड दाखवायचं कसं?

मग चक्क्या आल्या. भलं झालं का? झालं, मंडळी, झालं! खोटं कशाला बोलू? डांबरी रस्ता झाला. दिवसाचा घाट अर्ध्या तासावर आला. एसटी वर चढली — पहिल्या दिवशी बायांनी तिला ओवाळलं, आणि कंडक्टरला वाटलं आपल्यालाच! मुंबईत गोदीवर राबणारी चार पोरं परतून चक्क्यांच्या देखभालीला लागली. ज्या कातळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, त्याचं भाडं घरात येऊ लागलं. पाऊसही पळाला नाही आणि म्हशीही आटल्या नाहीत.

मग हैबती सुखी? छे! दिवस कलला की चक्कीच्या पात्याची सावली त्याच्या अंगणावरून सरकायची. एक गेली, दुसरी आली, तिसरी आली... आणि दर सावलीला तो मान खाली घालायचा. कुणाचं वासरू मेलं — हैबतीला घाम! पाऊस आठ दिवस लांबला — हैबतीला अन्न जाईना! "आई, कोपलीस का? माझ्या पापाचं गावाला नको गं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. रखमा विचारायची, "आवं, व्हतंय तरी काय तुमास्नी?" हा म्हणायचा, "पित्त झालंय." चौदा वर्षं पित्त! ऐकलंय का कुठं?

आणि चौदाव्या वर्षी कंपनीचा साहेब पुन्हा आला. पूर्वेच्या सड्यावर आणखी चक्क्या हव्यात. गाव म्हणालं, "आमचं काय न्हाय, देवीला इचारा. लावा कौल!"

झालं! आता करायचं काय? झरोका लावला आणि देवीनं नाही म्हटलं तर? चाललेलं भलं थांबायचं. उघडा ठेवला तर दुसरं पाप. हैबतीनं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

सकाळची वेळ. देऊळ खचाखच. सरपंच मंजुळाबाई पुढं, रखमा खांबाला टेकून, साहेब बाहेर गाडीत. हैबतीनं दार लावलं. हात झरोक्याकडं गेला... आणि त्यानं झरोका लावला. घट्ट! कळे चिकटवले. गाऱ्हाणं घातलं. मूर्तीवरून पाणी निथळतंय. माणसं श्वास धरून बसलीत. आणि डावा कळा — मंडळी, डावा! — तसूभर खाली सरकला.

हैबतीचा अंगठा आपोआप उठला. दाबून बसवायचा! पाठ लोकांकडं, कोण बघतंय? एका क्षणाचं काम! रस्ता, एसटी, परत आलेली पोरं — सगळं त्या अंगठ्याच्या टोकावर.

अंगठा अधांतरी थांबला. आणि त्यानं दोन्ही कळे स्वतःच्या हातानं काढून ताटात ठेवले!

"आरं, ह्ये काय केलंस?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मागला कौल खोटा व्हता," हैबती म्हणाला. "मी झरोका उघडा ठिवला व्हता. आई काय बोललीच न्हवती. बोलला त्यो वारा. आन्‌ मी."

यशवंता डांगे, गावातला तापट गडी, ताडकन उठला. "देवीला फशिवलंस? गावाला फशिवलंस? मंग उतरवा समद्या चक्क्या! पापाचा पैका नगं!" पाच-दहा जण त्याच्या मागं उभे राहिले. हैबतीनं डोळे मिटले. सत्य बोललो आणि गाव बुडवलं, हेच त्याच्या मनात!

तेवढ्यात खांबाचा आधार सोडून रखमा पुढं आली. पाय ओढत.

"माझ्यासाठी केलंत?"

त्यानं मान डोलावली.

"मग मला का न्हाय इचारलं?"

हैबती ताटातल्या कळ्यांकडं बघू लागला.

"इचारलं असतंत तर म्या सांगितलं असतं — रस्ता मागा, पन झऱ्यावर पान्याची मोटार बी मागा! रस्ता झाला, लई ब्येस झालं. पन म्या आजून त्याच झऱ्यावर जातीया. ह्याच खुब्यानं! डोक्यावर ईज तयार व्हतीया आन्‌ डोक्यावरच हंडा हाय! समदं गाव म्हनलं, देवीनं हो म्हनलंय, आता कशाला बोलायचं? कुनी त्वांड उघडलं का? त्या साहेबाला एक तरी सवाल केला का?"

मंडळी, यशवंता खाली बसला. त्याची बायकोही त्याच झऱ्याला जात होती ना!

मंजुळाबाई उठल्या. दार उघडलं, गाडीपाशी गेल्या. "सायेब, चपला काढा आन्‌ आत या. आता देवीला न्हाय, आमास्नी इचारा. आमीबी तुमास्नी इचारनार हाय."

आणि दिवस मावळेपर्यंत गाव बोललं! भांडलं, ओरडलं, दोनदा चहा झाला. तीन चक्क्या गुरांच्या कुरणात येत होत्या, त्या गावानं नाकारल्या. साहेब कुरकुरला, पण हलवल्या. बाकीच्यांना होकार दिला. पण कसा? झऱ्यावर मोटार, घराघरात नळ, आजाऱ्यासाठी गाडी आणि चक्कीच्या कामाचं शिक्षण पोरींनाही — हे सगळं कागदावर चढवून, मोठ्यानं वाचून घेऊन, मग सही!

हैबतीला सोडलं का? नाही. कौलाचं ताट गावानं त्याच्या पुतण्याकडं दिलं. हैबती आता देऊळ झाडतो. पण त्याचं पित्त गेलं, मंडळी! आणि रखमाच्या अंगणात नळाला पाणी आलं त्या दिवशी ती हसली का? नाही. ओंजळ भरली, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चौदा वर्सं उशीर केलात." बस्स. यापेक्षा मोठी शिक्षा कुठल्या देवानं द्यावी?

तर काय ठरलं? पुण्य की पाप? भलं झालं, पण अर्धं झालं. उरलेलं अर्धं त्या खोट्यानं खाल्लं. कारण देवाचा होकार म्हटला की माणूस प्रश्न विचारायचं सोडतो!

आता तुमच्याकडं वळतो. हसू नका! महिन्यापूर्वी तुमच्या टेकडीवर पांढऱ्या गाडीतून माणसं आली, उंच खांब रोवून वारा मोजून गेली. खरं ना? आणि काल दुपारी तुमच्यातलेच चार जाणते माझ्या बिऱ्हाडी आले. म्हणाले, "महाराज, कीर्तनात चक्कीबद्दल दोन शब्द चांगले बोला. लोक तुमच्या शब्दाबाहेर नाहीत."

मंडळी, मला रात्रभर झोप आली नाही. मोह झाला, खोटं सांगत नाही! मला चक्की आवडते. वारा देवाचा, त्यावर गावाचं पोट चालतं, यात वाईट काय? मी म्हटलं असतं "द्या", तर तुम्ही दिली असती. आणि पुढं चौदा वर्षं मी कुठल्या तोंडानं या गावात उभा राहिलो असतो?

म्हणून आज जयघोष मी करणार नाही. चिपळ्या खाली ठेवतोय. ते चार जाणते पुढं बसलेत, सरपंच बसलेत, आणि मागं, त्या खांबाच्या आडोशाला, हंडा भरून धावत आलेल्या माझ्या आयाबहिणी बसल्यात.

हं, बाई. पहिला सवाल तुमचा. उठा आणि विचारा!