बाहेर उघडणारे दार

कस्तुराबाई भ्र. महारुद्र सगर, वय ६६ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. मोबाईल आहे, नंबर पाठ नाही.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर राहते. घरात आणखी कोण, असे विचारले असता, कोणी नाही. माझे शेजारी मल्लिनाथ सिद्रामप्पा बिराजदार यांनी अर्ज दिला आहे की, मी त्यांच्या पिकअप गाडीची काच फोडली व पत्रा चेपवला. अर्ज मला वाचून दाखवला. काच मीच फोडली. पत्राही मीच चेपवला. ते नाकारायला मी आलेले नाही. का फोडली ते अर्जात लिहिलेले नाही, म्हणून सांगते.

माझे घर आणि मल्लिनाथचे घर यांच्या मधोमध एक बोळ आहे. भूकंपानंतर गाव नव्या जागेवर बसले तेव्हा आम्हाला ही घरे शेजारी शेजारी मिळाली. बोळ दोघांचा सामाईक आहे. त्यात मी कधी भिंत घातली नाही, सिद्रामप्पांनीही घातली नाही. सिद्रामप्पा म्हणजे मल्लिनाथचे वडील. मी त्यांना आप्पा म्हणत होते. माझ्या घराला एकच दार आहे, ते बोळात उघडते. आत नाही, बाहेर उघडते.

दार बाहेर का, असे हवालदार साहेबांनी विचारले. साहेब तरुण आहेत व बाहेरगावचे आहेत म्हणून सांगते. जुन्या गावात आमचे दार आत उघडणारे होते. भूकंपाच्या पहाटे मी परसाकडे गेले होते. परत आले तर घर खाली बसले होते. दार जागेवर होते, पण त्याच्या आतून दगडमाती आली होती. बाहेरून कितीही रेटले तरी आत जाईना. आत माझे मालक महारुद्र आणि मुलगी हर्षाली होती. मी हर्षालीला हाक मारली. तिने ओ दिली. नंतर मारली तेव्हा दिली नाही. या मुद्द्यावर मला आणखी काही सांगायचे नाही.

नव्या घराला सरकारने आत उघडणारे दार दिले होते. ते आप्पांनी सुतार आणून काढले आणि उलटे बसवून दिले. "आता कायबी झालं तरी दार तुमास्नी आडवनार न्हाय," असे ते म्हणाले होते. तेव्हापासून दार तसेच आहे.

आप्पांची आणखी एक पद्धत होती, ती या प्रकरणाशी संबंधित आहे. आमच्या भागात अजूनही अधूनमधून जमिनीतून आवाज येतो. भांडी वाजतात, पत्रे थरथरतात. लोक बाहेर येतात, थोडा वेळ थांबतात, परत आत जातात. अशा प्रत्येक वेळी आप्पा बोळाच्या तोंडाशी उभे राहून सगळ्यांना गप्प करायचे आणि मला हाक मारायचे, "कस्तुराबाई, भायेर आलाव का?" मी म्हणायची, "आले, भायेर हाय." मगच ते आत जायचे. मी त्यांच्या समोर उभी असले तरी हाक मारायचे. मी एकदा म्हणाले, "आप्पा, दिसते की मी." ते म्हणाले, "दिसनं येगळं अन् वो देनं येगळं."

ढिगाऱ्याजवळ आम्ही हेच शिकलो होतो. आतल्याने ओरडायचे नसते, धूळ जाऊन छाती भरते. बाहेरच्याने हाक मारायची, मग सगळ्यांनी गप्प राहायचे, म्हणजे आतली ओ ऐकू येते. आमच्या पिढीत हे कोणाला सांगावे लागत नाही.

आप्पा गेल्या मार्गशीर्षात वारले.

मल्लिनाथबद्दल माझी तशी तक्रार नाही. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तिथेच तो जन्मला. त्याला पहिली आंघोळ मी घातली. त्यामुळे त्याच्यावर केस करायची तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो कष्टाळू आहे. भाजीपाल्याची भाडी मारतो. आप्पांच्या माघारी त्याने पिकअप घेतली. रस्त्यावर लावली तर रात्री कोणीतरी डिझेल काढून नेते, म्हणून त्याने मला विचारले, "काकू, दोन दिवस बोळात लावू का?" मी म्हणाले, लाव. आधी तोंडाशी लावायचा. मग थोडी आत. मग आणखी आत. ओसरी दिली की पाय पसरायचेच, त्यात माझीही चूक आहे. वाकड्या अंगाने का होईना, मला बाहेर येता येत होते, म्हणून मी बोलले नाही.

नंतर मी त्याला सांगितले की, गाडी माझ्या दाराला टेकवू नकोस. तो म्हणाला, "काकू, बोळ दोघांचा हाय. माझ्या वाट्यात मी गाडी लावली तर काय बिघडलं?" मी म्हणाले, तुझी गाडी तुझ्या वाट्यात मावत नाही. तो हसला. तो उद्धट बोलला नाही. उलट म्हणाला, "दार आत उघडनारं करून घ्या, खर्च म्या देतो." दुसऱ्या दिवशी सुतारही पाठवला. मी सुताराला चहा पाजून परत पाठवले. गल्लीत सगळे मलाच हटवादी म्हणाले. मल्लिनाथची बायको निकिता हिने मला समजावले की, हल्ली सगळ्यांची दारे आत उघडतात. उघडत असतील.

घटनेच्या आदल्या रात्री मल्लिनाथ उशिरा आला असावा. पहाटे जमिनीतून आवाज आला. फडताळातले डबे वाजले. मी उठून दार ढकलले. ते वीतभर उघडले आणि गाडीला अडले. परत ढकलले, परत अडले. पत्रा चेपला तो तेव्हा. फटीतून हात जात होता, मी जात नव्हते.

बाहेर रस्त्यावर सगळे जमले होते. मला फटीतून आवाज ऐकू येत होते. मल्लिनाथ म्हणाला, "पोरं आली का?" निकिता म्हणाली, "आली." कोणीतरी सोमलिंगला हाक मारली. तो पलीकडच्या घरात राहतो. त्याने ओ दिली. कोणीतरी विचारले की शेळी सोडली का. सोडली होती.

मी दाराशी उभी होते. मला वाटले, आता माझे नाव येईल.

मग निकिता म्हणाली, "चला आत, काय न्हाय झालं." कोणीतरी हसले. दारे लागल्याचे आवाज आले.

आपण ओरडल्या का नाहीत, असे विचारले असता सांगते की, वर लिहिले आहे ते परत वाचावे. मी हाकेची वाट पाहत होते. हाक आली असती तर मी ओ दिली असती.

धोका टळल्यावर काच का फोडली, असे विचारले असता सांगते की, मला राग आला. डबे वाजत होते तेव्हा मला भीती वाटली नव्हती. दारे लागली तेव्हा वाटली. शेळीची चौकशी झाली आणि माझी झाली नाही. मी कोपऱ्यातले मुसळ घेतले, फटीतून बाहेर घातले आणि गाडीच्या काचेवर हाणले. एकदा हाणून फुटली नाही, म्हणून परत हाणले. मला एकटे वाटले, हेही लिहून घ्यावे. हवालदार साहेबांचे म्हणणे की त्याला कलम नाही. कलम नसले तरी लिहावे.

काचेच्या आवाजाने मल्लिनाथ पळत आला. गाडी मागे घेतली. म्हणाला, "काकू, गाडीनं तुमचं काय घोडं मारलं?" मी म्हणाले, "तुझ्या बापानं मला हाक मारल्याबिगर कधी दार लावलं न्हाय." त्याला वाटले मी आप्पांना मध्ये आणून त्याला लाजवते आहे. तो म्हणाला, "आप्पा गेले, काकू. आता तरी सोडा." मग त्याने अर्ज दिला. त्याचे नुकसान झाले आहे, त्याने अर्ज देणे बरोबर आहे.

मल्लिनाथने आप्पांची हाक लहानपणापासून ऐकली आहे, पण ती म्हाताऱ्याची सवय म्हणून. ती कशासाठी होती हे त्याला आप्पांनी सांगितले नाही आणि मीही सांगितले नाही. लेकराला कशाला सांगायचे, असे आम्हा दोघांना वाटले.

आपली काय मागणी आहे, असे विचारले असता सांगते की, काच मी भरून देईन. बोळ कोणाचा किती, हे मोजण्याची गरज नाही. गाडी बोळात लावावी, माझी हरकत नाही, फक्त माझे दार पूर्ण उघडेल एवढी मागे लावावी. दार मी आत वळवून घेणार नाही. आणि जमिनीतून आवाज आला तर आत जाण्यापूर्वी कोणीतरी एकदा माझे नाव घ्यावे. मल्लिनाथने घेतले तर बरे. या दुसऱ्या मागणीवर पोलिसांना काही करता येणार नाही, असे मला समजावून सांगितले. ते मला समजले. तरी ती मागणी आहे.

मल्लिनाथ हा ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून आहे. त्याच्यासमोर जबाब वाचण्यास माझी हरकत नाही. म्हणून त्याला आत बोलावले.

हवालदार साहेबांनी जबाब सुरुवातीपासून वाचायला घेतला. त्यांनी आधी सगळ्यांना गप्प केले आणि माझे नाव मोठ्याने वाचले, "कस्तुराबाई." मी म्हणाले, "आले, भायेर हाय." साहेब म्हणाले, "आजी, उत्तर द्यायची गरज नाही, मी फक्त वाचतोय." मल्लिनाथने मान खाली घातली होती.

पुढचा सर्व मजकूर मी ऐकला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. माझे नाव बरोबर वाचले.

निशाणी डावा अंगठा,
कस्तुराबाई भ्र. महारुद्र सगर