घरातली हेस्टर

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक गरोदर मुलगी आणि भारतातून आलेली तिची आई मराठीत बोलत होत्या.

"सुमेधा, मुलगी झाली तर हेस्टरच ठेवायचं का गं? जावयांची आजी हेस्टर, बहीणही हेस्टर!"

"त्यांच्यात प्रत्येक पिढीत एक हेस्टर असतेच, आई."

"असं का पण?"

"डेरिकचे पूर्वज जॉर्जियात गुलाम होते ना. त्यातल्या रूथ नावाच्या बाईची लहान मुलगी मालकानं विकली. कुठे नेली, कुणी सांगितलंच नाही. ती हेस्टर."

"आई गं! मग?"

"रूथनं दुसऱ्या मुलीला सांगून ठेवलं, घरात हेस्टर नावाची हाक थांबू द्यायची नाही. ती शोधत आली, तर तिला घर ओळखू यावं."

"आली का गं ती?"

"नाही. पण मागच्या वर्षी डेरिकनं डीएनए टेस्ट केली. टेक्ससमधली एक बाई लांबची नातेवाईक निघाली. त्याच्या आजीनं तिला फोन लावला."

"काय बोलल्या?"

"आजी म्हणाली, मी हेस्टर. ती म्हणाली, मी रूथ. आमच्यात प्रत्येक पिढीत एक रूथ असते, का ते कुणालाच माहीत नाही."



"तिला बाळ बघायला बोलाव हं."

"बोलावलंय. पण तुझ्या खोलीत झोपवावं लागेल, चालेल?"

"न चालायला काय झालं? पलंग तिला दे. मी खाली गादी घालते."