शिवलिंगनं बांधलेलं घाटनांदूर

आमच्या घाटनांदूरच्या शिवलिंगचं ऐका. किराणा दुकानदाराचा पोरगा, पण नव्वदीच्या अखेरीस त्यानं एकट्यानं कॉम्प्युटरवर बंदुकीचा गेम बनवला. आम्हा मित्रांना दाखवायला बसला, तर त्यातला शिपाई जमिनीतून खाली पडला, गोळ्या भिंतीतून आरपार गेल्या आणि मशीन बंद पडलं.

"न्हाई जमत. सोडून देतो," तो म्हणाला.

"परत लाव बे!" आम्ही हट्टच धरला, तसं त्यानं मशीन पुन्हा चालू केलं.

तेवढ्यात आमचं बोलणं ऐकत चहा घेऊन आलेली त्याची आई कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी थबकली. "आरं, हे आपलं दुकान! हा बाजार! समदं तू केलंस?"

आम्हीही तेव्हाच नीट पाहिलं. गेममध्ये आमचं आख्खं गाव उभं होतं. आई चहा बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसली.

"येवढं बांधलंस आन सोडतोस कावून? चल, मला फिरीव."

शिवलिंगनं डोळे पुसले आणि आईला गल्लीगल्लीतून गावभर फिरवलं.