सातही दिवे हिरवे

त्सुबोई : तीन नंबर उघडाच आहे.

चिहारु : नाही हो, त्सुबोईसान. दिवा बघा ना. हिरवा. हिरवा म्हणजे बंद.

त्सुबोई : दिवा म्हणत असेल. दरवाजा तसं म्हणत नाहीये.

चिहारु : दिवा दरवाजालाच जोडलाय. मी स्वतः जोडलाय, गेल्याच महिन्यात.

त्सुबोई : पोरी, एकतीस वर्षं मी या खिडकीतून समुद्रभिंतीच्या एकेका दरवाजाकडे बोट दाखवतो आणि मोठ्यानं म्हणतो, ‘एक नंबर, बंद, ठीक! दोन नंबर, बंद, ठीक!’ आज बोट वर गेलं आणि ‘ठीक’ तोंडातून निघेना.

चिहारु : ते बोट दाखवणं नव्या पद्धतीत काढून टाकलंय. पुस्तिकेत, पान नऊवर...

त्सुबोई : पान नऊवर माझा चहाचा कप असतो. तू इकडे खिडकीशी ये.

चिहारु : पावसात नीट दिसत नाही... थांबा. तो तीन नंबर ना? त्यातून पाणी आत येतंय.

त्सुबोई : आता एक बघ. दोन बघ. चार बघ.

चिहारु : सगळे उघडे आहेत. सात नंबर तेवढा बंद.

त्सुबोई : आणि दिवे?

चिहारु : सातही हिरवे.

त्सुबोई : आता वाजलेत दोन पन्नास. भरती चार वीसला, आणि वादळ तिच्या पाठीवर बसून येतंय. हातानं फिरवायचा तर एका दरवाजाला दोन माणसं आणि चाळीस मिनिटं. हिशेब तू कर, तू शिकलेली आहेस.

चिहारु : हिरातासाहेबांना फोन लावते. स्पीकरवर टाकते. हॅलो? साहेब, मी चिहारु, दरवाजांच्या खोलीतून.

हिराता : बोला, चिहारुसान. अभिनंदन! सातही दरवाजे बंद झाल्याची घोषणा आपण पावणेतीनला भोंग्यावरून केली. लोक घरी निवांत आहेत.

चिहारु : साहेब, सहा उघडे आहेत.

हिराता : कृपया पुन्हा सांगता?

त्सुबोई : सहा उघडे आहेत!

हिराता : पण माझ्यासमोर चाचणीचा अहवाल आहे. सात दरवाजे, सात खुणा, तीन शिक्के.

चिहारु : साहेब, चाचणी आपण फक्त सात नंबरची केली होती. बाकीच्या सहांतून बोटी जातात, कोळी संस्थेला त्रास नको म्हणून त्यांची चाचणी टेबलावर केली.

हिराता : टेबलावर म्हणजे?

त्सुबोई : म्हणजे चहा पिता पिता.

चिहारु : चूक माझी आहे. आता सापडली. दरवाजे बंद करणारी सात बटणं मी प्रोग्राममध्ये एकाच फेऱ्यात बनवली. प्रत्येक बटणाच्या फंक्शनला त्याचा नंबर तिथल्या तिथं बांधून द्यायला हवा होता. तुझा एक, तुझा दोन, असा. मी बांधला नाही. मी नुसतं सांगितलं, दाबलं की फळ्यावर बघ काय लिहिलंय. फळा म्हणजे प्रोग्राममधली सगळ्या बटणांची एकच सामाईक जागा. आणि फळ्यावर मी एक पुसून दोन लिहिला, दोन पुसून तीन. शेवटी राहिला सात.

त्सुबोई : म्हणजे सातही जण एकाच दारावर जाऊन थडकले.

चिहारु : हो. आणि दिवेही तसेच बनवलेत. सातही दिवे सात नंबरलाच विचारतायत, बंद झालास का रे.

त्सुबोई : आणि तो बिचारा सात वेळा हो म्हणतोय.

चिहारु : साहेब, एकच ओळ बदलायची आहे. पण प्रोग्रामला कुलूप आहे. त्याचा परवलीचा शब्द तुमच्याकडे आहे.

हिराता : बदलासाठी विनंतीअर्ज लागतो. त्यावर विभागप्रमुखांचा शिक्का, आणि ते आज...

चिहारु : साहेब, आणि खालच्या आळीतल्या लोकांना वर शाळेत जायला सांगा. आत्ता. मी ओळ बदलली आणि तीही चुकली तर?

हिराता : एकदा केलेली घोषणा मागे घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. लोकांचा विश्वास उडतो.

त्सुबोई : हिराता, तुझी आई कुठं राहते रे?

हिराता : तिचा इथं काय संबंध?

त्सुबोई : खालच्या आळीत, माझ्या घरापासून चौथं घर. सकाळी बघितलं, सूप चढवून बसली होती. वर चला म्हटलं, तर म्हणाली, आमच्या मुलाच्या ऑफिसनं सांगितलं तरच उठेन.

हिराता : तिला जिना चढवत नाही. गुडघे...

त्सुबोई : मग कुणाला तरी तिला पाठीवर घ्यावं लागेल. त्याला वेळ लागतो.

हिराता : चिहारुसान, लिहून घ्या. ‘हामागुरी’, पुढे चार शून्य. मी भोंग्यावर जातो. फोन चालू ठेवा.

(बाहेर भोंगा वाजू लागतो.)

चिहारु : बदलली. आता नंबर प्रत्येक बटणाला बांधलाय. त्सुबोईसान, दाबू?

त्सुबोई : दाब. मी बाहेर बघतो. आणि मोठ्यानं म्हण.

चिहारु : एक नंबर!

त्सुबोई : ... हलला. खाली येतोय. बंद. ठीक! पुढचा.

चिहारु : दोन नंबर!

त्सुबोई : बंद. ठीक! तीन?

चिहारु : तीन नंबर! ... त्सुबोईसान? काय झालं? बोला ना!

त्सुबोई : अडकला... नाही. ओंडका होता, गेला चिरडून. बंद. ठीक! थांबू नकोस.

चिहारु : चार! पाच! सहा!

त्सुबोई : ठीक. ठीक. आणि सहा... ठीक. बस आता. चहा घे.

हिराता : हॅलो? आईला शेजाऱ्यांनी उचललं. सूप घेऊनच निघाली म्हणे. तिकडे?

चिहारु : सातही बंद, साहेब. डोळ्यांनी बघितले.

हिराता : छान. मग अहवालात ‘किरकोळ विलंब’ एवढंच...

चिहारु : साहेब, हा प्रोग्राम आणखी किती बंदरांत बसवलाय?

हिराता : अकरा. आपलं बघून सगळ्यांनी घेतला.

चिहारु : वादळ आपल्यानंतर कुठं जाणार?

हिराता : कुजिउराला. तासाभरात.

त्सुबोई : हा घे, त्यांचा नंबर भिंतीवर आहे. माझा दोस्त होता तिथं. आता नवा माणूस आहे.

चिहारु : हॅलो, कुजिउरा? दरवाजांची खोली ना? ऐका, आधी खिडकीतून बाहेर बघा. एकेक दरवाजा बघा आणि मला सांगा.

कुजिउराचा माणूस : खिडकी? नव्या खोलीला खिडकी कुठं आहे, ताई? पण काळजी करू नका. आमचे सगळे दिवे हिरवे आहेत.