आपल्यातल्यांत विसावी

(सरकारी शाळा, मुख्याध्यापिकेची खोली. मधली सुट्टी नुकतीच संपली आहे. टेबलाच्या एका बाजूला मुख्याध्यापिका ताई. समोर तिचा धाकटा भाऊ, शिक्षण खात्यातला मोठा अधिकारी, आणि त्याची बायको, हृदयरोगाची डॉक्टर.)

ताई : दाखला म्हणजे काय भाजी आहे का रे, पिशवी पुढे केली की घातली? बस आधी.

भाऊ : ताई, आवाज चढवू नकोस. बाहेर स्टाफ आहे.

ताई : ऐकू दे स्टाफला. सख्खा भाऊ स्वतःची लेक माझ्याच शाळेतून काढतोय आणि मला कोण सांगतं? आमचा क्लार्क! अर्ज टपालाने पाठवलास तू?

भाऊ : प्रोसिजर आहे तशी.

ताई : चुलीत घाल तुझी प्रोसिजर. कारण सांग.

भाऊ : एक का आहे? एक्स्पोजर शून्य. लॅबच्या नळाला पाणी नाही. आठ महिने विज्ञानाला शिक्षक नाही. सातवीचं वर्ष आहे, चिंगीचा बेस कच्चा राहील.

ताई : शिक्षक का नाही?

भाऊ : पद मंजूर झालेलं नाही.

ताई : कोण मंजूर करतं?

भाऊ : हे बघ, एका टेबलावर किती फायली...

ताई : तीन स्मरणपत्रं पाठवली. तिन्हींच्या पोचेवर तुझ्या ऑफिसचा शिक्का आहे. मी गणिताची बाई, आठ महिने घरून वाचून येते आणि विज्ञान शिकवते. आणि तू मलाच तोंड वर करून सांगतोस, शिक्षक नाही?

भाऊ : म्हणूनच आधी बोललो नाही. तू हे पर्सनल करणार, माहीत होतं.

ताई : दोन वर्षांपूर्वी पर्सनल कोणी केलं होतं? चिंगीचा हात धरून फाटकात फोटो कोणी काढून घेतला? भाषण ठोकलंस, ‘शिकल्यासवरल्यांची मुलं इथे आली की शाळा सुधारायला वेळ लागत नाही.’ मीही टाळ्या वाजवल्या, वेडी! तुझं बघून तुमच्या कॉलनीतली चौदा घरं आली. प्रोफेसरांची जुळी आली, न्यायाधीशबाईंची नात आली. सातवीची दुसरी तुकडी उघडली. आज सकाळपासून नऊ फोन. ‘साहेबांनीच काढलं म्हणे, मग आम्ही कशाला...’ तुकडी गेली आता. दोन शिक्षिका कुठे फेकल्या जातील, देव जाणे.

भाऊ : लोकांनी काय करावं हे माझ्या गळ्यात बांधू नकोस. मी बाप आहे. तत्त्वापायी पोरीवर प्रयोग नाही करणार.

ताई : आणि बाकीची पोरं काय प्रयोगाचे उंदीर? अगं, तू का मूग गिळून बसलीस? हृदयाची डॉक्टर ना तू? याच्या मनात काय चाललंय, तुला तरी दिसतं का?

वहिनी : दिसतं. तू सांगतोस, की मी सांगू?

भाऊ : घरी बोलू आपण.

वहिनी : घरी तीन आठवडे हेच चाललंय. ताई, निकाल लागला त्या दिवसापासून.

ताई : निकालाला काय झालं? सत्तर मुलांत नववी आली पोरगी!

वहिनी : पहिली कोण आली?

ताई : ती दोन वेण्यांची, सारखी हसत असते ती. वडील शिपाई आहेत कुठल्याशा ऑफिसात.

वहिनी : याच्याच ऑफिसात. त्यांनी टेबलाटेबलावर मिठाई ठेवली. याच्याही ठेवली. आणि अगदी सरळ मनाने विचारलं, ‘साहेब, आपल्या चिंगीताईंचा कितवा?’

भाऊ : बास.

वहिनी : याने सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी घरात खासगी शाळांची माहितीपत्रकं.

भाऊ : हसण्याचा काय संबंध? मुळात इथल्या परीक्षेला स्टँडर्डच नाही!

ताई : स्टँडर्ड नाही तरी नववी? मग असतं तर कितवी आली असती रे?

भाऊ : ताई!

वहिनी : मीही काही धुतल्या तांदळाची नाही, ताई. माहितीपत्रकं मीही चाळली. तो पोहायचा तलाव बघून बरं वाटलं मला. पण हा एकदा खरं बोलून गेला. म्हणाला, ‘तिथे विसावी आली तरी चालेल. आपल्यातल्यांत विसावी येईल.’

ताई : असं म्हणालास तू?

भाऊ : रागात बोललो.

ताई : रागातच खरं बोलतोस, लहानपणापासून. बाबा काय करायचे रे?

भाऊ : हे कशाला आता?

ताई : काय करायचे?

भाऊ : छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे.

ताई : आणि तू पहिला आलास तेव्हा मालकांना पेढे द्यायला गेले. मालकांचा मुलगा तुझ्याच बाकावर बसायचा. त्याच सुट्टीत मालकांनी त्याला शाळेतून काढलं. तू दोन दिवस जेवला नव्हतास. ‘मी पहिला आलो म्हणून गेला का गं तो?’ मला विचारत होतास. मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

भाऊ : ...झालं तुझं? दाखला दे. पालकांनी मागितला तर शाळेला अडवता येत नाही.

ताई : अडवतंय कोण? हा बघ, लिहून तयार आहे. फक्त तुझा अर्ज अपुरा आहे. आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागतात. तुझ्याच खात्याचं परिपत्रक. आईची जागा कोरी आहे.

भाऊ : कोरी? अगं, त्या दिवशी गाडीत कागद दिला होता ना तुला? सही करून टपालात टाकते म्हणालीस!

वहिनी : हो, म्हणाले.

भाऊ : मग? पेन नव्हतं का?

वहिनी : पेन होतं.